टिनाच्या चार खोल्या आणि २२ लाखांची गिफ्ट कार्डं : नागपूरच्या एका शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरातली ही अनुदानित मराठी शाळा. पाचवी ते दहावी, सहाशेच्या आसपास मुलं. पालकांमध्ये हिंगणा एमआयडीसीत पाळीवर जाणारे, ऑटो चालवणारे, सीताबर्डीच्या दुकानांत काउंटरवर दिवसभर उभे राहणारे आणि घरी शिलाई करणाऱ्या बाया. ओळख पटू नये म्हणून शाळेचं आणि दुकानांचं नाव गाळलं आहे, रकमा गोल केल्या आहेत. मी २०२४-२५ मध्ये, म्हणजे टिनाच्या खोल्या थंड करायला गिफ्ट कार्डांतून पैसे उभे केले त्या वर्षी, शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचा हिशेब पाहत होते, त्यामुळे बहुतेक बैठका मी स्वतः ऐकल्या आहेत.

अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासनाकडून येतो. इमारत, वीज, दुरुस्ती यांसाठीचं वेतनेतर अनुदान मात्र उशिरा येतं आणि पुरत नाही. आठवीपर्यंत शिक्षण मोफत असल्याने फी वाढवून खर्च भागवण्याचा प्रश्नच नव्हता. शाळेची मुख्य इमारत पक्की आहे. मागच्या बाजूला मात्र टिनाचं छत असलेल्या चार खोल्या आहेत आणि त्यात आठवी-नववीचे वर्ग भरतात.

नागपूरचा उन्हाळा ज्याने भोगलाय त्याला पुढचं सांगायला नको. उन्हामुळेच विदर्भातल्या शाळा बाकी राज्यापेक्षा साधारण दोन आठवडे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मार्चपासून सकाळची शाळा असते, पण दहा वाजेपर्यंत टिन तापतंच. मी एका एप्रिलमध्ये तिथे गेले होते, तेव्हा मुलींनी ओढण्या ओल्या करून डोक्यावर घेतल्या होत्या, भिंतीकडच्या रांगेतले बेंच मधे ओढले होते आणि बाई फळ्याजवळ उभ्या न राहता दारात उभ्या राहून शिकवत होत्या. डब्यातली पोळी मधल्या सुट्टीपर्यंत पापडासारखी कडक झालेली. अशा खोलीत मुलं वार्षिक परीक्षेचा पेपर लिहितात, हे मला तेव्हाही सहन झालं नाही आणि आजही होत नाही.

उपाय ठरला तो असा : टिनावर उष्णता परतवणारा पांढरा रंग, खाली उष्णतारोधक थर आणि फॉल्स सीलिंग, प्रत्येक खोलीत दोन एक्झॉस्ट पंखे. खर्चाचा अंदाज खोलीमागे ८० हजार, म्हणजे चार खोल्यांना ३ लाख २० हजार. मुदत मार्च २०२५.

अडचण

जुलै २०२४ मध्ये शिक्षक-पालक संघाची बैठक झाली. पैसे कुठून आणायचे यावर बोलणं सुरू झालं आणि लगेच लक्षात आलं की पालकांकडे हात पसरण्याची सोय नाही. आधीच्या वर्षी पाण्याच्या टाकीसाठी मदत मागितली तेव्हा देणारे तेच तीस-चाळीस पालक होते. पुन्हा त्यांच्याच दारात जायचं का, असं खुद्द मुख्याध्यापिकांनीच विचारलं.

एका पालकांनी गिफ्ट कार्डाची कल्पना मांडली. ते एका मोठ्या सुपरमार्केटच्या साखळीत कामाला होते. कंपन्या दिवाळीला कर्मचाऱ्यांना गिफ्ट कार्डं देतात, तेव्हा घाऊक खरेदीवर साखळी सूट देते हे त्यांना ठाऊक होतं. एक लाखाची कार्डं ९७ हजारांना मिळतील. पालक १००० रुपयांचं कार्ड १००० रुपयांनाच घेतील, त्याचा पूर्ण हजाराचा किराणा आणतील, आणि मधले ३० रुपये शाळेला मिळतील. कोणाच्याही खिशातून जादा पैसा जाणार नाही.

ऐकायला हे इतकं सोपं होतं की त्याच बैठकीत ठराव होणार होता. आमच्यातल्या एका माजी विद्यार्थ्याने, तो चार्टर्ड अकाउंटंट (सीए) आहे, कागदावर एक गुणाकार केला. तीन टक्क्यांनी ३ लाख २० हजार उभे करायचे तर एक कोटीहून जास्त रकमेची कार्डं विकावी लागतील. दीडशे कुटुंबांनी महिन्याला चार हजारांचा किराणा नऊ महिने कार्डावरच आणला, तरी विक्री ५४ लाख आणि शाळेच्या हाती १ लाख ६२ हजार. आणि दीडशे कुटुंबं नऊ महिने नेमाने आगाऊ पैसे भरतील, हे गृहीत धरणं फारच झालं.

माझ्या मते प्रकरणाची दिशा त्याच कागदाने बदलली. कार्ड वाईट नव्हतं, पण ते कोणत्या खर्चावर लावायचं याचा विचार तोवर कोणी केलेला नव्हता.

समोर असलेले पर्याय

थेट देणगी मागणं हा पहिला पर्याय, त्याबद्दल वर लिहिलंच. आनंदमेळा झाला असता तर चाळीस-पन्नास हजार मिळाले असते, पण मुलांचे पंधरा दिवस त्यात गेले असते. कुणीतरी लकी ड्रॉ सुचवला. सरकारी परवानगीशिवाय खासगी सोडत काढता येत नाही, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीचा निधी मागण्याचं ठरलं, अर्जही गेले, पण असे निर्णय शाळेच्या वेळापत्रकाने होत नाहीत.

मग कार्डाच्याच तीन तऱ्हा उरल्या.

पहिली, फक्त साखळीचं कार्ड. काम कमी, सूटही कमी.

दुसरी, शाळेचंच एक कूपन छापायचं आणि परिसरातल्या पंधरा-वीस दुकानांत ते चालवायचं. ही कल्पना सगळ्यांना आवडली होती. शाळेचं नाव, शाळेचं चित्र, मुलांच्या हातचं अक्षर. सीएने ती थांबवली. एखादं दुकान स्वतःच्याच मालासाठी कार्ड काढतं तेव्हा रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. पण एकाने कूपन काढायचं आणि ते अनेक दुकानांत चालायचं म्हटलं की ते पैसे चुकते करण्याचं साधन ठरतं आणि त्याला रिझर्व्ह बँकेची मान्यता लागते. शाळेने यात पडू नये, असं त्याने स्वच्छ सांगितलं. हे ऐकून काहींचा विरस झाला. पण नियम पाळायचाच होता.

तिसरी तऱ्हा, प्रत्येक दुकानाने आपलं कार्ड आपण काढायचं, त्याच दुकानात चालणारं, आणि माजी विद्यार्थी संघाने ती कार्डं सवलतीत विकत घेऊन पालकांना दर्शनी किमतीत द्यायची. काम जास्त, कारण दुकानागणिक बोलणं आणि करार. पण इथे सूट ठरवता येत होती.

निर्णयाची पहिली जागा : कोणतं दुकान

साखळीच्या कार्डाची बातमी पसरली तसे आठवीतल्या एका मुलाचे वडील शाळेत आले. त्यांचं शाळेपासून दोन गल्ल्यांवर किराणा दुकान. ते मुख्याध्यापिकांना म्हणाले, "मॅडम, पोरगं तुमच्या शाळेत शिकून राहिलं, गणपतीची वर्गणी आमच्याकडून, अन् गिऱ्हाईक काहून तिकडं धाडून राहिले?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी पुढे सांगितली. शाळेतल्या निदान शंभर घरांचं त्यांच्याकडे खातं होतं. महिनाभर सामान न्यायचं, पगार झाला की हिशेब. या घरांना आगाऊ पैसे भरून कार्ड घेणं जमणारच नव्हतं. साखळीचं कार्ड विकायचं म्हणजे ज्यांच्या हातात महिन्याच्या सुरुवातीला रोख असते त्यांनाच विकायचं. बाकीचे आपोआप बाहेर.

तेल, साखर, डाळीवर छोट्या दुकानदाराला सुटतं फार थोडं. त्यामुळे ते सूट देतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण दिवाळीच्या तोंडावर मस्कासाथ-इतवारीच्या ठोक बाजारातून माल भरायचा तर रोख लागते. कार्डाचे पैसे त्यांना विक्रीच्या आधी मिळणार होते, तेही बिनव्याजी. हे समजल्यावर त्यांनी आपणहून चार टक्के देऊ केले, साखळीपेक्षा एक टक्का जास्त. पुढे आणखी दोन किराणा दुकानं त्याच दराने आली.

कापड, पादत्राणं, वह्या-कंपास आणि मिठाई-फरसाण यांच्याकडे मात्र सूट द्यायला जागा होती. कापड आणि पादत्राणांत दहा टक्के, स्टेशनरीत बारा, मिठाईत आठ टक्के ठरले.

गणवेश मुद्दाम बाहेर ठेवला. विशिष्ट दुकानातूनच खरेदी करायला पालकांना भाग पाडू नये, असे शिक्षण विभागाचे आदेश आहेत. गणवेशाचं कार्ड कितीही ऐच्छिक म्हटलं तरी पालकाला ते सक्तीचंच वाटतं. मुख्याध्यापिकांनी इथे जराही तडजोड केली नाही.

निर्णयाची दुसरी जागा : मधले पैसे कोणाचे

सवलतीत घ्यायचं तर आधी पैसे भरावे लागतात. संस्थेच्या सचिवांचं मत होतं की एक लाखाचा साठा घेऊन ठेवावा. कापड दुकानदार जांगडीवर कार्डं द्यायला तयार होते, म्हणजे विकतील तेवढ्यांचे पैसे द्या, उरलेली परत करा. सोयीचं वाटलं. पण सीएचं मत वेगळं पडलं. जांगडीवर विकलं तर संघ दुकानाचा एजंट दिसतो आणि मिळणारी रक्कम कमिशन ठरते. करार "सवलतीच्या दराने खरेदी" असाच असावा, ही त्याची अट होती. त्या वर्षी ३१ डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक आलं. स्वतःच्या नावावर व्हाउचर घेऊन विकणाऱ्याच्या नफ्यावर जीएसटी नाही, कमिशनवर काम करणाऱ्याच्या कमिशनवर आहे, असं त्यात स्पष्ट झालं. आमचे करार तसेच लिहिलेले होते, त्यामुळे काही बदलावं लागलं नाही.

शेवटी मागणी आधी, खरेदी नंतर असं ठरलं. पालकांनी महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पैसे भरायचे, संघाने दुसऱ्या दिवशी दुकानांना चेक द्यायचा, १० तारखेला कार्डं वाटायची. साठा शून्य. शाळेचा एक रुपयाही मधे अडकला नाही.

स्थानिक दुकानांची कार्डं साधी होती. पिवळ्या जाड कागदाची, ५०० रुपयांची, वर अनुक्रमांक, दुकानाचा शिक्का आणि मालकाची सही. मागे छापलेलं : रोख परत मिळणार नाही, वर्षभर चालेल, उरलेली रक्कम कार्डावर लिहून दिली जाईल. ही शेवटची ओळ एका आईच्या सूचनेवरून आली. तिला पाचशेचं कार्ड एकदाच संपवायचं दडपण नको होतं.

काहींनी ८०जी ची, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी पावती मागितली. ती देता येत नव्हती. पालकाला त्याच्या पैशांचा पूर्ण माल मिळतो, त्याने दान काहीच दिलेलं नसतं. हे पहिल्याच पत्रकात लिहिलं आणि प्रश्न थांबले.

अंमलबजावणी आणि दिवाळी

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विक्री रडतखडत चालली. पोळा आणि तान्हा पोळा झाला, गणपती झाले, तरी महिन्याची मागणी दीड लाखाच्या वर गेली नाही, आणि तीही बहुतेक साखळीच्या किराणा कार्डांची. काहींनी बंद करा असं सुचवलं. संघाने दिवाळीपर्यंत थांबायचं ठरवलं. हा निर्णय पुढच्या आकड्यांनी बरोबर ठरला.

दिवाळीची मोठी मागणी आली आणि त्याच सुमारास, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली. दोन अडचणी एकदम उभ्या राहिल्या. शिक्षक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला आणि कामाला गेले, कार्ड वाटपाला माणसं उरली नाहीत. आणि रोकड. आचारसंहितेच्या काळात ५० हजारांहून जास्त रोख घेऊन निघालं तर भरारी पथकाला कागदपत्रं दाखवावी लागतात. संघातली एक जण बँकेत आहे, तिने वेळीच सांगितलं. रोख गोळा करून स्कूटरने दुकानात पोचवणं त्याच दिवशी बंद केलं. यूपीआय संघाच्या खात्यावर, रोख आली तर रोजच्या रोज बँकेत, दुकानाला फक्त चेक. खरं तर हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं. वाटपाचं काम शिलाई करणाऱ्या चार आयांनी उचललं आणि शिक्षकांपेक्षा नेटकं केलं. वहीत अनुक्रमांक, पालकाची सही, तारीख. वर्षभरात एकही कार्ड हरवलं नाही.

जे थांबवावं लागलं

याच काळात एक गोष्ट घडली, ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वात गंभीर वाटते. विक्री वाढावी म्हणून एका उत्साही कार्यकर्त्याने वर्गवार तक्ता करून जिन्याजवळ लावला. कोणत्या वर्गाने किती हजारांची कार्डं घेतली, त्याच्या रंगीत पट्ट्या. हेतू चांगला होता. चार दिवसांत नववीतल्या एका मुलीने घरी सांगितलं की आमच्या वर्गाची पट्टी छोटी आहे ती आपल्यासारख्यांमुळे. तिच्या आईचं किराण्याचं खातं होतं, रोख नव्हती. आई शाळेत आली, ओरडली नाही, फक्त विचारलं की पुढच्या महिन्यात उसने घेऊन एक कार्ड घेतलं तर चालेल का.

तक्ता त्याच दुपारी काढला. त्यानंतर तीन नियम लेखी झाले. मुलांच्या हाती कार्ड किंवा पैसे द्यायचे नाहीत. कोणी घेतलं, कोणी नाही, हे वर्गशिक्षकांना कळता कामा नये. आणि वर्गात याचा उल्लेखही नको. विक्री थोडी घटली, घटू दिली. शाळेच्या छतासाठी मुलीला घरात मान खाली घालावी लागत असेल तर ते छत कोणासाठी?

परिणाम

फेब्रुवारीअखेर हिशेब बंद केला. एकूण २२ लाखांची कार्डं गेली. साखळीची ९ लाखांची, त्यावर २७ हजार. तीन किराणा दुकानांची साडेचार लाखांची, त्यावर १८ हजार. कापड-पादत्राणांची ६ लाखांची, त्यावर ६० हजार. स्टेशनरी आणि मिठाई सव्वा-सव्वा लाखांची, त्यावर १५ आणि १० हजार. बेरीज १ लाख ३० हजार.

साडेतेरा लाखांच्या किराण्यातून ४५ हजार आले आणि साडेआठ लाखांच्या बाकी खरेदीतून ८५ हजार. वर्षभराची खटपट किराण्यात गेली आणि पैसा दिवाळीच्या तीन आठवड्यांत आला.

यातून छपाईचे ६ हजार गेले. आणखी ९ हजार गेले ते असे : एक चप्पल-बुटांचं दुकान जानेवारीत बंद झालं, तेवढ्या रकमेची कार्डं वापरायची राहिली होती. करारात याबद्दल काहीच नव्हतं. संघाने पालकांना पूर्ण पैसे परत केले. त्यावर बैठकीत वाद झाला, दुकान बुडालं यात आपला काय दोष, असं काहींचं म्हणणं. पण पालकांनी पैसे दिले होते ते शाळेच्या नावाकडे बघून, त्यामुळे परतफेड योग्यच होती.

हाती उरले १ लाख १५ हजार. तोवरचा पूर्ण हिशेब, अनुक्रमांकांच्या वहीच्या फोटोंसह, जानेवारीत माजी विद्यार्थ्यांना पाठवला होता. पुण्या-मुंबईतल्या काहींनी तो वाचून न मागता देणग्या दिल्या, १ लाख ४५ हजार. त्यांना ८०जी ची पावती मिळाली. ज्या मंडळींनी पाण्याच्या टाकीच्या वेळी उत्तरही दिलं नव्हतं, त्यातलेही यात होते.

२ लाख ४० हजारांत तीन खोल्या मार्चअखेर झाल्या. चौथी राहिली. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने ८ ते २५ एप्रिलदरम्यान ठेवल्या होत्या आणि त्यावर विदर्भात मोठी नाराजी होती. शाळेने चौथ्या खोलीतली बैठक व्यवस्था मुख्य इमारतीत हलवली. उघड्या टिनाखाली त्या वर्षी कोणीही पेपर लिहिला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

साखळीचं कार्ड घ्यायलाच नको होतं, असं माझं मत आहे. २७ हजारांसाठी नऊ लाखांचा व्यवहार सांभाळला आणि जवळच्या दुकानदारांची नाराजी ओढवली. संघातल्या काहींना हे पटत नाही. त्या कार्डामुळे पालकांना सवय लागली, असं ते म्हणतात.

स्टेशनरीचं कार्ड शाळा उघडतानाच हवं. वह्यांची खरेदी जूनअखेर होते, आम्ही ऑगस्टमध्ये सुरू केलं. बारा टक्के देणारा एकमेव माल, आणि त्याचा हंगाम हातचा गेला.

करारात दुकान बंद पडल्यास काय, हे कलम हवं. कुठल्याही दुकानाची वापरायची राहिलेली कार्डं ठरावीक रकमेवर गेली की नवी मागणी थांबवायची, म्हणजे धोका आवाक्यात राहतो. आणि सुटलेल्या रकमेतला दहावा हिस्सा वर्षाअखेरपर्यंत खर्च करायचा नाही.

खात्यावर सामान नेणाऱ्या घरांसाठी आम्हाला वाट सापडली नाही. किराणा दुकानदाराने एक सुचवलं आहे : महिन्याचा हिशेब वेळेवर चुकता करणाऱ्या घराच्या बिलावर एक टक्का तो स्वतः शाळेच्या नावाने बाजूला ठेवेल, त्या घराने काहीच करायचं नाही, त्याचं नावही कुठे येणार नाही. सीएला तो कागद दाखवला आहे. चौथ्या खोलीला ८० हजार हवेत, हाती २० हजार आहेत, आणि पुढच्या जूनआधी वह्यांच्या दुकानाशी बोलणं उरकायचं आहे.